तीन निबंध आणि एक माळ

मराठीच्या निबंधवहीत तीन विषय ठरलेले असत. सहामाहीला ‘आमची सहल’, अधूनमधून ‘माझा आवडता कार्यक्रम’ आणि वार्षिक परीक्षेला हमखास ‘मी कोण होणार?’. बाई लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत, दहापैकी सहा-साडेसहा गुण टाकत आणि वही परत करत. मजकुराकडे कोणी फारसे बघत नसे, कारण मजकूर सगळ्यांचा सारखाच असे. कोणी डॉक्टर होऊन खेड्यात जाणार, कोणी सैनिक होऊन सीमेवर, कोणी शिक्षक होऊन पिढी घडवणार. एखादा धीट मुलगा वैमानिक होणार. पाचवे उत्तर कोणाला सुचल्याचे आठवत नाही.

त्या वह्या रद्दीत गेल्या, हे एका अर्थी नुकसानच झाले. तालुक्याच्या गावातल्या पोरांना 1985 साली काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, याचा त्याहून चोख दस्तऐवज दुसरा नव्हता. राजांच्या मनसुब्यांची बखर होते, पुढाऱ्यांच्या स्वप्नांची भाषणे होतात. पोरांच्या इच्छांची नोंद मात्र किलोच्या भावाने विकली जाते.

परवा ती वही आठवली, ती देवनहळ्ळीच्या वाटेवर. बंगळुरात जन्मलेली माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेने सुट्टीत भरून आणायला इंग्रजीतला एक छापील कागद दिला होता. प्रश्न तेच तीन: आवडती मालिका, आवडलेली सहल, मोठेपणी कोण व्हायचे आहे. पहिल्याच प्रश्नाला ती गाडीत अडली. ‘मामा, फेव्हरिट शो म्हणजे आमचा सगळ्यांचा, की माझा एकटीचा? आई वेगळं बघते, बाबा वेगळं बघतो.’ दुसऱ्या प्रश्नापुढे तिने ‘देवनहळ्ळी’ लिहून टाकले. अजून पोचायचे होते तरी. तिसरी ओळ कोरी ठेवली.

देवनहळ्ळी हे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते विमानतळामुळे. बंगळूर शहराच्या उत्तरेला 35-40 किलोमीटरवर, 4,000 एकरांहून अधिक जमिनीवर तो पसरला आहे आणि 24 मे 2008 पासून चालू आहे. पण गावाचा किल्ला विमानतळाहून पाचशे वर्षांनी थोरला. आवतीच्या गौडा घराण्यातल्या मल्लबैरेगौडाने 1501 साली येथे मातीचा कोट बांधला. पुढे तो दगडात उभा राहिला. सुमारे 20 एकरांचा घेर, 12 अर्धगोल बुरूज, आत अजूनही नांदते गाव आणि वेणुगोपाळस्वामींचे देऊळ. किल्ल्याजवळच, रस्त्याच्या कडेला, जेमतेम पुरुषभर उंचीचा एक खांबांचा चौकोन आहे. आत दगडी पाटी: टिपू सुलतानाचा जन्म येथे झाला. आम्ही तेथे उभे असताना डोक्यावरून एक विमान चाके खाली सोडून गेले. पाहुण्यांच्या मुलांनी माना वर केल्या. गावातल्या एकाही मुलाने केली नाही.

त्या चौकोनापाशी उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न मुळात फार जुना नाही. टिपू 1750 साली जन्मला तेव्हा या कोटातल्या कोणत्याही मुलाला तो कोणी विचारत नव्हते. उत्तर जन्माआधीच ठरलेले असे आणि आडनावात लिहिलेले असे. सुताराचा सुतार, कुंभाराचा कुंभार, गौडाचा गौड. आपल्याकडेही पाटील-कुलकर्णी वतनाने होत, हौसेने नव्हे. उत्तर बदलण्याची एकच वाट साधारणपणे उघडी असे, ती घोड्यावरून जाई. म्हैसूरच्या फौजेने 1749 मध्ये देवनहळ्ळीला वेढा घातला, तेव्हा त्या फौजेत हैदर नावाचा एक स्वार होता. वेढ्यातले त्याचे धाडस म्हैसूरचा कारभारी नंजराज याच्या नजरेत भरले आणि त्याला स्वतःची तुकडी मिळाली. बारा वर्षांत तो म्हैसूरचा सर्वेसर्वा झाला. या माळावरून झालेले पहिले उड्डाण ते. त्याला धावपट्टी लागली नाही, पण कोणीतरी बघणारा लागला.

त्याच्याही शंभर वर्षे आधी बंगळूर मराठी होते. विजापूरच्या रणदुल्लाखानाने 1638 मध्ये ते केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ती जहागीर शहाजीराजांकडे आली. लहानगे शिवाजीराजे आईबरोबर काही काळ तेथे राहून पुण्याला परतले. त्या वयात त्यांनी काय पाहिले, मनात काय धरले, हे कोणत्याही कागदात नाही. कीर्तनकार आणि कादंबरीकार भरून काढतात तेवढेच. पण वडिलांची दरबारी ऐट एका डोळ्याने आणि दुसऱ्याची चाकरी दुसऱ्या डोळ्याने बघितलेला मुलगा पुढे काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलाच्या डोळ्यांपुढे काय ठेवले जाते यावर किती अवलंबून असते, याचा मराठी मनाला याहून जवळचा दाखला नको.

मी तासगावचा. तेथल्या गणपतीच्या देवळाला सात मजली गोपूर आहे. महाराष्ट्रात गणपतीच्या देवळावर गोपूर हे तसे विजोडच. लहानपणी ते इतके सवयीचे होते की विचित्र वाटले नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकात मोहिमा केल्या, तेथली देवळे पाहिली आणि गावी परतून तसेच गोपूर बांधून घेतले, हे फार उशिरा कळले. पेशव्यांचा सरदार, अंगावर चिलखत, पण बाहेरगावी जे पाहिले ते घरी आणायची हौस सहलीला गेलेल्या पोराचीच. हेच भाऊ 1790-92 च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध लढले आणि त्याच युद्धात, 1791 मध्ये, कॉर्नवॉलिसच्या फौजेने देवनहळ्ळीचा किल्ला घेतला. तासगाव आणि देवनहळ्ळी यांच्यामधला धागा असा जुना आहे. आम्हाला तो इतिहासाच्या पुस्तकाने दाखवला नाही. दाखवला टीव्हीने, आणि तोही अर्धवट.

आमच्या आळीत पहिला टीव्ही आला 1984 च्या सुमारास. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले होते, बंगळूर केंद्र 1 नोव्हेंबर 1981 ला. पण आमच्यासारख्या गावांना पडदा मिळाला तो 1984 च्या धडाक्यात. त्या वर्षी सरकार काही महिने जवळजवळ रोज एक प्रक्षेपण केंद्र उभारत होते. कौलांवर चढून अँटेना फिरवणारा एक पोरगा आणि खिडकीतून ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडणारा दुसरा, एवढे मनुष्यबळ एका बातमीपत्राला लागे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळातून पंतप्रधानांशी बोलले आणि आमच्या वर्गातल्या वैमानिकांची संख्या एका रात्रीत दुप्पट झाली.

मग ‘मालगुडी डेज’ आली. शंकर नाग दिग्दर्शक. होनावरकडचा कोकणी मुलगा, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर तयार झालेला. चित्रीकरण आगुंबेच्या पावसाळी गल्ल्यांत, स्वामीचे काम केले मंजुनाथ या बालनटाने, बापाचे गिरीश कर्नाडांनी. कर्नाडांचा जन्म माथेरानचा, हेही येथे सांगून टाकावे. आर. के. नारायण यांनी 1930 च्या दशकात लिहिलेला हा स्वामी क्रिकेटचा संघ काढतो आणि मित्र त्याला ‘टेट’ म्हणतात, एका इंग्रज गोलंदाजाच्या नावावरून. त्या गोलंदाजाला यांतल्या एकानेही पाहिलेले नाही. पारतंत्र्यातल्या पोरांच्या स्वप्नातला नायकसुद्धा बोटीने आलेला असे. पन्नास वर्षांनी तेच पात्र आमच्या दिवाणखान्यात हिंदी बोलत होते आणि आमचा टेट सुनील गावसकर होता. मुंबईचा, आणि पडद्यावर रोज दिसणारा. स्वप्नाचे माप तेच होते, पण कापड आता घरचे होते.

‘उडान’ 1989 मध्ये सुरू झाली. कविता चौधरींनी ती आपली बहीण, पोलीस अधिकारी कंचन चौधरी यांच्या वाटचालीवरून लिहिली, दिग्दर्शित केली आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. पुढे 2004 मध्ये कंचन चौधरी एका राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ती मालिका चालू असताना आमच्या शाळेतल्या दोन मुलींनी निबंधात ‘पोलीस अधिकारी’ लिहिले. बाईंनी एकीला समासात शेरा दिला: ‘छान. पण घरी विचारलेस का?’

आणि 1990 मध्ये ‘द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान’. भगवान गिडवानींच्या कादंबरीवरची, संजय खान यांची. या मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी, फेब्रुवारी 1989 मध्ये, म्हैसूरच्या स्टुडिओत लागलेल्या आगीत 62 माणसे होरपळून गेली. पडद्यावरच्या रणांगणाने घेतलेले हे बळी खरे होते, पण मालिका लागली की त्यांची आठवण कोणालाच नसे. मालिका वादात सापडली आणि सुरुवातीला पाटी झळकू लागली: हे कादंबरीचे नाट्यरूप आहे, इतिहास म्हणून यातल्या कशाचाही दावा नाही. पाटी आम्ही वाचत नसू. आजोबा तेवढे वाचत आणि मालिका संपेपर्यंत कुरकुरत. पटवर्धनांच्या गावात बसून टिपूच्या बाजूने टाळ्या वाजवणारी नातवंडे बघून ते एकदा म्हणाले, ‘आणि आमचे भाऊ कुठे गेले रे यात?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. जो पडद्यावर आहे तो नायक आणि जो नाही तो नव्हताच, हा हिशेब आम्ही तोवर शिकून बसलो होतो.

त्या काळाच्या आठवणी काढताना गळा दाटून येण्याची आता पद्धत पडली आहे. एकच वाहिनी, रविवारची सकाळ, ‘रामायणा’च्या वेळी ओस पडलेले रस्ते, सगळे एकत्र. हे खरे आहे. पण एकत्र म्हणजे कसे, हेही सांगावे. ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या जमखान्यावर काही मुले बसत, काही उंबऱ्यात आणि काही खिडकीच्या गजांना धरून बाहेर. कोणी कुठे बसायचे हे कोणी सांगत नसे. सांगावे लागत नसे. पडदा सगळ्यांना तेच चित्र दाखवत होता, पण गजाबाहेरून पाहिलेला राकेश शर्मा आणि जमखान्यावरून पाहिलेला राकेश शर्मा एक नव्हता. सामायिक स्वप्नाला तेव्हाही कुंपण होते. फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत होते.

सहलीचे तसेच. आमची सहल म्हणजे एस.टी.ची लाल गाडी, पहाटे साडेचारला शाळेपुढे, आणि तासगावहून बरी पडणारी विजापूरची वाट. गोलघुमटात शिरलो की पन्नास पोरे एकाच वेळी ओरडत आणि कोणाचेच काही ऐकू येत नसे. सर हताश होऊन सांगत, ‘हळू बोला, मग भिंत बोलेल.’ त्या घुमटाखाली मुहम्मद आदिलशहा निजला आहे. त्याच्याच अमलात शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली होती. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या बालपणाचा एक तुकडा त्या घुमटाखालच्या माणसाच्या शिक्क्याने ठरला होता. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्ही ‘शिवाजी महाराज की’ असे ओरडलो, ‘जय’ घुमून पुन्हापुन्हा परत आले आणि आम्ही खूश होऊन डबे उघडले.

बंगळूरकरांची अशी ठरलेली सहल म्हणजे देवनहळ्ळीच्या पुढची नंदीची टेकडी, 1,478 मीटर उंच. टिपूचा उन्हाळी महाल तेथे आहे, कैद्यांचा कडेलोट होई म्हणून सांगतात तो ‘टिपू ड्रॉप’ आहे, इंग्रज साहेबांचे बंगले आहेत. याही टेकडीशी आपले एक नाते आहे. मार्च 1927 मध्ये कोल्हापूरच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती अचानक ढासळली. निपाणी, आंबोली करत त्यांना विश्रांतीसाठी अखेर नंदीवर आणले गेले आणि काही आठवडे ते तेथे राहिले. आज रविवारी पहाटे त्याच घाटात सूर्योदय बघायला निघालेल्या मोटारींची रांग लागते. सूर्य वर येतो तेव्हा बऱ्याच मोटारी घाटाच्या पायथ्याशीच असतात.

सहल आणि सफर यांत फरक आहे. सफर पैशाने होते. सहल कोणीतरी नेते म्हणून होते. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. त्यानंतरच्या पिढ्यांनी आपल्या तालुक्याबाहेरचे जग पहिल्यांदा पाहिले ते बहुधा त्या लाल गाडीच्या खिडकीतून, आणि बहुधा कोणा शिक्षकाच्या भरवशावर. परशुरामभाऊंना गोपूर दिसले ते मोहिमेत. सुताराच्या मुलाला पोराबाळांची फौज घेऊन निघालेला शिक्षक भेटावा लागतो.

हे मी सहज लिहिले नाही. देवनहळ्ळीच्या विमानतळाबाहेर केंपेगौडाचा 108 फुटी पुतळा उभा आहे. कांस्य सुमारे 98 टन, पोलाद 120 टन. अनावरण 11 नोव्हेंबर 2022. बंगळूर वसवणाऱ्या कन्नड नायकाचा हा पुतळा घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या माणसाने. राम सुतार, जन्म 1925, घरचा धंदा आडनावातच. 1750 च्या नियमाने उत्तर ठरलेले होते: नांगर, चौकटी, बैलगाडीची चाके. पण श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या शिक्षकांनी त्या मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. तेथून तो 1953 मध्ये पदक घेऊन बाहेर पडला, काही वर्षे अजिंठा-वेरूळच्या झिजल्या मूर्तींची डागडुजी केली, आणि पुढे 182 मीटरच्या सरदार पटेलांपर्यंत पोचला. राम सुतारांनी वयाची शंभरी गाठली. त्यांच्या लहानपणी गोंदूरला टीव्ही तर सोडाच, रेडिओही दुर्मीळ. तरीही आडनावाचे उत्तर बदलले, कारण बघणारा एक माणूस होता. हैदराला नंजराज, तसे सुतारांना जोशी मास्तर.

आता याची दुसरी बाजू. त्याच जे. जे.मध्ये म्हैसूरच्या एका मुलाने अर्ज केला होता. जमिनीवर, भिंतींवर, दारांवर चित्रे काढत वाढलेला तो मुलगा. कलाशाळेने कळवले की प्रवेश देण्याइतकी चमक या चित्रांत नाही. तो मुलगा म्हणजे आर. के. लक्ष्मण, ‘स्वामी’च्या लेखकाचा धाकटा भाऊ. पुढे त्याच मुंबईत राहून त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे रोज सकाळी देशाला हसवले आणि अखेरचा श्वास पुण्यात घेतला. ‘मालगुडी डेज’च्या सुरुवातीची रेखाचित्रे त्यांचीच. आणि कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 मध्ये बंगळुरातून स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन काढली, तेव्हा कंपनीचा चेहरा म्हणून निवडला तो लक्ष्मण यांचा चौकटीचा कोट घातलेला ‘कॉमन मॅन’. ज्या मुलाला कलाशाळेने आत घेतले नाही, त्याचे चित्र विमान कंपनीचे निशाण झाले.

धुळ्याचा मुलगा मुंबईहून देवनहळ्ळीला पोचला आणि म्हैसूरचा मुलगा मुंबईला. एकाला दार उघडले, एकाला नाही. यावरून कर्तबगारीची शिकवण काढण्याचा मोह होतो: जिद्द असली की सगळे होते वगैरे. मला ते पटत नाही. लक्ष्मण यांच्या घरी इंग्रजी पुस्तके होती, मासिके होती, लेखक भाऊ होता. एक दार बंद झाल्यावर ठोठावायला दुसरी दारे होती. गोंदूरच्या मुलाला एकच होते. जोशी मास्तरांनी ते दाखवले नसते तर आज त्याच्या नावाने एखाद्या वाड्याची चौकट ओळखली गेली असती. त्यात कमीपणा नाही, पण निवडही नाही. स्वप्न एकट्याचे असते. ते दाखवणारा पडदा, तिथवर नेणारी गाडी, ओळखणारा शिक्षक आणि उभे राहायला लागणारी जमीन ही चारही सार्वजनिक कामे आहेत. ‘कोण होणार?’ म्हणून आपण मुलाला विचारतो, पण त्या उत्तराचा निम्मा मजकूर आपणच आधी लिहून ठेवलेला असतो.

या चारांतल्या शेवटच्या गोष्टीने, जमिनीने, देवनहळ्ळीत नुकताच एक अवघड प्रश्न उभा केला. विमानतळ झाला, भोवतीच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले, मग विमानांचे भाग बनवणाऱ्या उद्योगांसाठी आणखी जमीन हवी झाली. देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीतील 13 गावांची 1,777 एकर जमीन त्यासाठी काढली गेली. शेतकरी एप्रिल 2022 मध्ये धरण्यावर बसले आणि तीन वर्षांहून अधिक काळ उठले नाहीत. अखेर 15 जुलै 2025 रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी हे संपादन सोडून देत असल्याची घोषणा केली. हे उद्योग आले असते तर मुलांना कामे मिळाली असती, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. वैमानिक, अभियंता, तंत्रज्ञ व्हायची स्वप्ने पाहणाऱ्या हजारो मुलांना ते उद्योग हवे असतील. पण त्या 13 गावांतल्या मुलांचे तिसऱ्या ओळीतले उत्तर काय, हे कोणी विचारले होते? विकास म्हणजे एकाच्या पोराचे स्वप्न उभारायला दुसऱ्याच्या पोराचे शेत घेणे, असा व्यवहार वर्षानुवर्षे बिनबोभाट होत आला. तो येथे अडला, तो मोठ्यांच्या हट्टामुळे. पोरांचा तेथे राहायचा हक्कही त्यातच शाबूत राहिला.

येथे आमच्या निबंधवहीतली गोम आठवते. तासगावच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांची होती. बापाच्या द्राक्षबागेत सुट्टीत औषध मारणारी, छाटणीच्या दिवसांत शाळा बुडवणारी. त्यांतल्या एकानेही ‘मी शेतकरी होणार’ असे लिहिले नाही. न सुचलेले पाचवे उत्तर हेच. ते चुकीचे आहे असे कोणी शिकवले नव्हते. ते उत्तर असू शकते असेच कोणाला वाटले नव्हते. टीव्हीवर शेती होती ती ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये, संध्याकाळी, मुले खेळायला गेल्यावर. सहल कधी कोणाच्या बागेत गेली नाही. निबंधाच्या नमुन्यांत शेतकरी ‘जगाचा पोशिंदा’ म्हणून येई, म्हणजे दुसऱ्या कोणासाठी राबणारा. स्वतः व्हावे असा तो कोणी नव्हता. वैमानिक होणार म्हणून लिहिलेला आमचा एक वर्गमित्र आज सावळजच्या बाजूला द्राक्षे आणि बेदाणा करतो, पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो, बाजाराचा भाव फोनवर बघून माल काढतो. त्याच्याएवढे हुन्नरी काम आम्ही कोणीच करत नाही. तो मात्र अजून हसत म्हणतो, ‘आपलं विमान उडलंच नाही बघ.’ चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दहापैकी सहा गुणांचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरलेले नाही.

भाचीच्या पिढीचे काय? तिला पडदा हवा तितका आहे, पण तो तिच्या एकटीचा आहे. तिच्या वर्गातल्या तीस मुलांपुढे तीस वेगवेगळी चित्रे चालू आहेत आणि कोणते चित्र कोणापुढे यावे हे एक गणित ठरवते. ते गणित लिहिणाऱ्यांना तिच्या गावाचे नावही माहीत नाही. आमच्या खिडकीच्या गजांपेक्षा हे कुंपण सभ्य आहे. ते दिसत नाही, एवढेच. ज्या मुलाने एकदा यंत्रमानव बघितला त्याला यंत्रमानवच दिसत राहतात, ज्या मुलीने एकदा बाहुलीचा मेकअप बघितला तिला मेकअपच. आडनावाने उत्तर ठरवायचा जुना रिवाज मोडायला दोनशे वर्षे लागली. पाहिलेल्या गोष्टीवरून उत्तर ठरवणारा नवा रिवाज दहा वर्षांत उभा राहतो आहे.

यावर उपाय म्हणून फोन काढून घ्या, जुने दूरदर्शन परत आणा, असे कोणी म्हणत असेल तर ते तितकेच शक्य जितके टांगे परत आणणे. पण दोन गोष्टी शाळा आणि घरे आजही करू शकतात. आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी एकच काहीतरी एकत्र बघावे, आणि त्यावर भांडावे. आजोबांच्या कुरकुरीनेच मला टिपूच्या पलीकडचा इतिहास शोधायला लावले. आणि सहल स्मारकांइतकीच कामांकडे न्यावी: विमानतळाच्या कार्यशाळेत, ओतशाळेत, द्राक्षाच्या बागेत, रेशमाच्या बाजारात. मोठी माणसे हाताने काय काय करतात हे मुलाने पाहिलेले नसेल, तर ‘कोण होणार?’ या प्रश्नाला ते फक्त नावे सांगू शकते. त्यापलीकडचे काम जोशी मास्तरांचे आहे. त्यासाठी योजना नसते. फक्त बघणारा डोळा लागतो.

परतताना रस्त्याकडेला एक बाई चकोते विकत बसली होती. चकोता म्हणजे आपले पपनस. देवनहळ्ळीचा चकोता नावाजलेला आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे, पण बागा आता पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. भाचीने पपनस कधी खाल्ले नव्हते. माझ्यापेक्षा तिचे कन्नड चांगले, म्हणून सौदा तिनेच केला. बाईने सुरीने जाड साल काढली, आतले पांढरे सोलले, गुलाबी फोडी हातावर दिल्या. भाचीने विचारले, झाड कोणी लावले? सासूने, बाई म्हणाली. फळ यायला किती वर्षे लागतात? बी लावले तर आठ-दहा, असे बाईने बोटांवर मोजून सांगितले. भाचीने मनातल्या मनात बेरीज केली आणि मराठीत मला म्हणाली, ‘म्हणजे मी कॉलेजात असेन.’

गाडीत बसल्यावर बियांचे काय करायचे हा प्रश्न आला. तिने शाळेचा कागद काढला, बिया त्यात ठेवल्या आणि पुडी बांधली. तिसरी ओळ तशीच कोरी आत गेली. मी म्हटले, ‘अगं, तो भरून द्यायचाय.’ ती म्हणाली, ‘टीचरकडे दुसरा असेल.’